नॉर्मनचं वायरिंग

इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बी बंदरात, गोदीमागच्या गल्लीत एनिड स्टॅमर्सचं घर होतं. वरच्या चार खोल्या भाड्याने दिलेल्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एकच. घरातली एकूण एक वायर तिच्या नवऱ्याने, नॉर्मनने, स्वतःच्या हाताने ओढलेली. तो मासेमारीच्या बोटींवर इलेक्ट्रिशियन होता. त्याला जाऊन दोन हिवाळे उलटले, तरी दिवा लावताना एनिडला वाटायचं, हा इथेच कुठेतरी आहे.

अशा घरांची वीज दर पाच वर्षांनी तपासून घ्यावी लागते. यंदा शेली नावाची तरुण इलेक्ट्रिशियन आली. सकाळभर सॉकेट उघडत फिरली आणि दुपारी स्वयंपाकघरात येऊन अवघडून उभी राहिली.

"एनिड, रिपोर्टमध्ये 'असमाधानकारक' लिहावं लागणार. फ्यूजबोर्ड फार जुना आहे, आणि या भिंतीला अर्थिंगच पोचत नाही."

एनिडचा चेहरा लाल झाला. "माझ्या नवऱ्याने भर वादळात बोटींवर वायरी जोडल्यात, पोरी! या घरात आजवर कुणाला शॉक बसलेला नाही."

टेबलाशी युर्गिता सूप पीत होती. लिथुआनियाची, मासळीच्या कारखान्यात कामाला, वरच्या खोलीतली भाडेकरू. तिने चमचा खाली ठेवला.

"मला बसतो. म्हणजे, त्या भिंतीजवळच्या वॉशिंग मशीनला ओल्या हाताने शिवलं की मुंग्या येतात."

"कधीपासून?" एनिडने विचारलं.

"ईस्टरपासून."

"अगं बये, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज त्यांचं कौतुक सांगता. कोणत्या तोंडाने सांगू?"

एनिडने मशीनकडे पाहिलं. नॉर्मनला हे कळलं असतं, तर हातातला चहा तसाच टाकून तो मशीनमागे शिरला असता. आणि आपण त्याचं नाव जपत बसलो, नि ही पोरगी आपलं मन जपत बसली! ती पुढे झाली, मशीनचा प्लग तिने ओढून काढला.

"शेली, सगळं नवं घाल. माझ्याकडे बघून काही जुनं मागे ठेवू नकोस."

सोमवारी काम सुरू झालं. वरच्या मजल्यावरच्या जमिनीच्या लाकडी फळ्या उचलल्यावर शेलीने एनिडला हाक मारली. खाली वायरी शेजारी शेजारी सरळ गेलेल्या, जागोजागी मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेल्या, बोटीवर बांधतात तशा.

"इतकं नेटकं काम मी पाहिलं नव्हतं," शेली म्हणाली. "अर्थिंगची तार एका जोडापाशी गंजून तुटलीय, एवढंच. वय झालं हो या वायरींचं."

एनिड गुडघे टेकून बराच वेळ बघत राहिली. मग डोळे पुसत हसली. "आणि मोजे मात्र घरभर फेकायचा मेला."

वीज बंद, म्हणून संध्याकाळी अंगणात गॅसच्या शेगडीवर युर्गिताने बटाट्याची धिरडी केली. सगळे भाडेकरू जमले. एनिडने युर्गिताच्या ताटलीत स्वतःच्या वाट्याची आंबट साय घातली.

"यापुढे काही झालं तर आधी मला सांगायचं. वाईट वाटलं तर वाटू दे मला."

"बरं," युर्गिता म्हणाली. "मग सांगते. तुमचा चहा फार पांचट असतो."