रंगासकट वाकलेली दर्याराणी

मंडळी, आज मी जिंकले!

आमच्या स्टिकरच्या दुकानात आलेल्या अर्नाळ्याच्या एका नाखवांना होडीवर लावायला 'दर्याराणी' हे नाव कमानीसारखं वाकवून हवं होतं. प्रत्येक अक्षर वर पिवळं, खाली उतरत लाल. कॉम्प्युटरवर अक्षरं वाकली, पण रंग सरळच राहिला. मधले 'र्या' आणि 'रा' पिवळे, टोकाचे 'द' आणि 'णी' नुसते लाल.

"पोरी, दोन्ही टोकं पान्यात बुडाली का?" शेजारी बसलेले नाखवा म्हणाले. "र्‍हाऊ दे, पेंटरकडे जातो."

थांबा म्हटलं! आधी सरळ अक्षरांत रंग भरला, त्यांचं रंगासकट चित्र केलं आणि मग ते अख्खं चित्रच वाकवलं. रंग अक्षरांबरोबर झक्क वळला!

नाखवांनी माझं कौतुक केलंच नाही. थेट बायकोला व्हिडिओ कॉल लावला, "अगो, बघ आपली रानी!"

यापेक्षा मोठी दाद कोणाला मिळाली असेल, तर सांगाच!