मेहुण्याला झापायला हैदराबादला

उदगीरहून गाडीनं हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनात उतरलो. काम एकच, मेहुण्याला झापायचं. माझी बायको शांता गेली, तिच्या तेरवीला सख्खा धाकटा भाऊ दिलीप आला नाही. म्हणे शूटिंग आहे!

हा दिलीप आधी तेलुगू सिनेमात नट होता. दर सिनेमात मध्यंतराच्या आत मरायचा. शांता दर वेळी थेटरात रडायची आणि मी भजी खायचो. मरून मरून कंटाळला, तेव्हा सीरियलचा डायरेक्टर झाला. आता पहिला सिनेमा काढतोय.

रिक्षावाल्याला हिमायतनगरातल्या शूटिंगच्या बंगल्याचा पत्ता दाखवला.

"चाचा, पिक्चरां में काम करते क्या?"

"नाही रे! काम करणाऱ्याला झापायला चाललोय."

तो बंगल्यापर्यंत हसत होता.

तिथं आधी पेसरट्टू (हिरव्या मुगाचा डोसा) दिला. आत उप्पीट भरलेलं! एका न्याहारीच्या पोटात दुसरी न्याहारी. दोन खाल्ले. उपाशीपोटी झापता येत नाही.

"दिल्या, तेरवीला का आला नाहीस?"

"दाजी, थांबा जरा! म्हातारा नट आलाच नाही. तुम्ही बसता का? बायको मेलीय, जवळ बसून मोठ्यानं रडायचं."

मी नाही म्हणायच्या आत मला कुणाचं तरी धोतर नेसवून बसवलं. पांढरे केस चिकटवलेली एक पोरगी मयत झालेली. तिचं पोट गुरगुरत होतं.

कॅमेरा सुरू झाला. मला रडू येईना. तिचे पाय चादरीबाहेर होते आणि वर पंखा गरगरत होता. मी चादर ओढून पाय झाकले आणि म्हणालो, "पंखा बारीक करा रे. हिच्या पायाला वारं सोसत नाही."

मयत फिसकन हसलं. दिलीप कॅमेऱ्यामागून आला आणि त्या पोरीच्या पायाशी बसून ढसाढसा रडायला लागला. पोरगी घाबरून उठून बसली.

"दाजी, शूटिंग नव्हतं त्या दिवशी. अक्का नसलेल्या घरात पाऊल टाकायची हिंमत झाली नाही."

झापायचं सगळं पाठ करून आणलं होतं. ते तिथंच टाकलं.

"तिचं कपाट मीही अजून उघडलं नाही," मी म्हणालो. "चल, दोघं मिळून उघडू."

शूटिंग थांबवून तो निघाला आणि परतीच्या गाडीत बिदरपर्यंत रडला. मी म्हणालो, "हळू रे, लोक जेवतायत." समोरच्या बाईनं त्याला चपाती दिली, ती त्यानं रडत रडत खाल्ली.

शिकलेली माणसं प्रवासातून काय काय शहाणपण घेऊन येतात. मी मेहुणा घेऊन आलो.