मी गाळलेलं वाक्य

बावीस वर्षं ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, दोन्ही मुलींजवळ नाही, ज्यांच्याबरोबर शाळेपासूनच्या सगळ्या भानगडी वाटून घेतल्या त्या मित्रांजवळही नाही. गेल्या महिन्यात ज्या दोघांना ती सांगणं भाग होतं, त्यांना सांगितली. आता तुम्हाला सांगतो. आवाज न चोरता सांगतो.

आधी एक ध्यानात ठेवा. माझं जर्मन चांगलं आहे. ही फुशारकी नाही — पुढे कदाचित तुम्हाला माझी बाजू घ्यावीशी वाटेल, तेव्हा आठवावं म्हणून सांगतो. पुण्यात नोकरी सांभाळून मी चार वर्षं जर्मन शिकलो आणि मग हॅम्बर्गला, विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आलो. तेव्हा मराठी मंडळी इथे मोजकीच होती. कुणाचं आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद असो, घराचा करार असो, दाताचा डॉक्टर असो — "हेमंतला घेऊन जा." मला ते आवडायचं. दोघांच्या मधे बसायचं, याचं त्याला सांगायचं, त्याचं याला, आणि दोघांनीही मान वर करून आपल्याकडेच बघायचं. कुणाला नाही आवडणार?

विनायक आणि सुजाता आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायला आले. तो माझ्याच कंपनीत, माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती कोल्हापूरची, मोकळ्या स्वभावाची, पहिल्या दिवसापासून मला दादा म्हणणारी. वर्षभरात त्यांना ईशान झाला. तो दहा महिन्यांचा असताना नेहमीच्या तपासणीत मुलांच्या डॉक्टरला काहीतरी दिसलं आणि त्यानं मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. विनायक तेव्हा कामासाठी फ्रान्सला गेला होता. सुजाता खाली आली, कडेवर ईशान. म्हणाली, "दादा, तुम्ही चला. मला त्यांचं बोलणं झेपत नाही. आणि त्यातून ते असल्या जागेचं — मी काय विचारणार?"

गेलो. एस-बाननं, इथल्या लोकल गाडीनं गेलो, ईशानची गाडी मीच ढकलत होतो.

डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. त्यांनी ईशानला तपासलं, त्याच्याशी दोन शब्द बोलल्या, मग एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर पेनानं चित्र काढलं. लघवीचं छिद्र जिथे असायला हवं, त्याच्या किंचित खाली आहे. बाकी सगळं ठीक. मग पेन खाली ठेवून, माझ्याकडे बघत, त्या सावकाश म्हणाल्या — मला शब्द न् शब्द आठवतो — की असे पुष्कळ पुरुष असतात, ते आयुष्यभर तसेच राहतात, लग्नं करतात, त्यांना मुलं होतात, कित्येकांना तर आपल्यात काही वेगळं आहे हे ठाऊकही नसतं. त्यामुळे घाई नाही. मी थांबायला सांगेन, असं त्या म्हणाल्या. मोठा झाल्यावर त्याला हवं तर तो स्वतः ठरवेल. शेवटी म्हणाल्या, आईवडिलांची इच्छाच असेल तर ऑपरेशन होतं, आणि ते पहिल्या-दुसऱ्या वर्षात करतात.

आता मी सुजाताकडे वळून हे मराठीत सांगायचं होतं. सोपं होतं. होतं ना?

इथे मला माझ्याबद्दल बोलावं लागेल. हे वाक्य मी गेल्या महिन्यापर्यंत एकदाही उच्चारलं नव्हतं, मनातल्या मनातसुद्धा नाही. मी तसाच जन्मलो. अगदी त्या चित्रातल्यासारखाच. सांगलीकडच्या आमच्या शाळेत सहावीत एका मुलाच्या ते ध्यानात आलं. त्यानं मला एक नाव ठेवलं आणि वर्षभर ते चाललं. मग त्याच्या वडिलांची बदली झाली, तो गेला, नावही गेलं. त्याखेरीज मला काही झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही. लग्न झालं, दोन मुली झाल्या. डॉक्टरबाई ज्या पुष्कळ पुरुषांबद्दल बोलत होत्या, त्यांतला एक त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला होता — कोट घडी करून मांडीवर ठेवलेला, सफाईनं जर्मन बोलणारा.

"असे पुष्कळ पुरुष असतात." तोंड उघडलं आणि कान तापले. मला वाटलं, हे म्हणताक्षणी सुजाताला कळेल. आवाजावरून कळेल, चेहऱ्यावरून कळेल. तिला कसं कळणार होतं? कशावरून? — पण वाटलं खरं. मी घोटभर पाणी प्यायलो. मग म्हणालो, "छिद्र थोडं खाली आहे. याचं ऑपरेशन असतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षात करतात."

मधलं सगळं गाळलं.

सुजातानं ईशानला छातीशी घट्ट धरलं. "करायलाच हवं का, दादा?"

हा प्रश्न मला नव्हता, डॉक्टरांना होता. माझं काम फक्त तो त्यांच्यापर्यंत पोचवण्याचं. पण तो विचारला असता तर ते वाक्य पुन्हा आलं असतं, आणि पुन्हा मलाच सांगावं लागलं असतं. मी डॉक्टरांना काही विचारलंच नाही. म्हणालो, "लहानपणी केलेलं बरं. पुढे त्याला आठवतही नाही."

डॉक्टरबाई आमच्याकडे बघत होत्या. त्यांना काहीतरी खटकलं असावं. त्यांनी मला विचारलं, "गरज नाही, हे त्यांना समजलं ना?"

"या, गेनाऊ," मी म्हणालो. हो, अगदी बरोबर.

एवढंच घडलं. चार-पाच मिनिटांत. विनायक परत आल्यावर दोघांनी ठरवलं, ऑपरेशनच्या आधी पुन्हा हॉस्पिटलातून बोलावणं आलं, तेव्हाही दोघांबरोबर मीच गेलो; विनायकचं ऑफिसात इंग्रजीवर भागायचं, जर्मन त्यालाही येत नव्हतं. दुसरे डॉक्टर होते. करायचं की नाही हा प्रश्न आता उरलाच नव्हता. कधी, एवढाच होता. भूल कशी देतात, टाके कसे विरघळतात — ते मी बिनचूक सांगितलं. दोघांनी सह्या केल्या. सुजातानं माझे आभार मानले.

टाके उसवले. दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं, चार वर्षांचा असताना. मग आत व्रण आवळला म्हणून सहाव्या वर्षी तिसऱ्यांदा. मी दर वेळी जायचो, खेळण्यातला ट्रॅक्टर नाहीतर क्रेन घेऊन. किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, तो दिवसभर लघवीला जायचा नाही, घरी येऊन रडायचा. सुजातानं त्यासाठी नोकरी सोडली. पोहण्याच्या वर्गाला तो कधी गेलाच नाही. हे सगळं मी एक मजला खालून बघत होतो. त्या वर्षांत मी स्वतःला काय सांगत होतो? की ऑपरेशन बिघडलं यात माझा काय दोष. हे मी मोठ्या शांतपणे सांगायचो स्वतःला, आणि झोपायचो.

ईशान हुशार निघाला. म्युनिकजवळ गार्चिंगला भौतिकशास्त्र शिकायला गेला. तिथे दुसऱ्या वर्षी तो एका गटात जायला लागला. त्यांचं म्हणणं एका ओळीत मावतं: मुलाच्या जिवाला किंवा तब्येतीला गरज नसेल तर त्याच्या नाजूक अवयवांना कुणी सुरी लावायची नाही, ते मूल मोठं होऊन स्वतः ठरवेल. मुलगा असो, मुलगी असो, किंवा दोन्हींत न बसणारं मूल असो. धर्म असो, रीत असो, नाहीतर डॉक्टरची हौस असो. मी त्या लोकांना भेटलोय. ऑफिसच्या कामासाठी म्युनिकला गेलो होतो तेव्हा ईशाननं बोलावलं. चौकात पाटी धरून उभे होते — एक जण अशी, की जन्मली तेव्हा मुलगा की मुलगी हे डॉक्टरांना ठरवता आलं नाही म्हणून तान्हेपणीच तिच्यावर सुरी चालवलेली, एक बाई आफ्रिकेतून आलेली, लहानपणी रीत म्हणून कापलेली, दोन-तीन माझ्या वयाचे जर्मन पुरुष. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्रक देत होते, कुणी थांबलं तर बोलत होते. आपल्या शरीराबद्दल, दिवसाउजेडी, रस्त्यावर उभं राहून! मी चहाचा थर्मास हातात धरून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

ईशान म्हणाला, "काका, इथे आता इतके भारतीय आईबाप आहेत. हे पत्रक मराठीत करून द्याल?" म्हणजे म्हणाला जर्मनमध्ये, मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्येच येतं. मी करून दिलं. त्यात एक परिच्छेद होता — अशा किरकोळ फरकासह असंख्य पुरुष निरोगी आयुष्य जगतात, घाई करू नका, डॉक्टरांना विचारा की हे आत्ताच करणं गरजेचं आहे का. तो मी फार छान लिहिला. सगळ्यांनी सांगितलं, भाषांतर वाटतच नाही.

पत्रक करून दिलं त्याचा मला अभिमान वाटला. खरंच वाटला. माणूस असा असतो का? मी आहे.

मग ईशाननं हॉस्पिटलातून आपली जुनी फाइल मागवली. मिळाली. पहिल्याच पानावर त्या डॉक्टरबाईंची नोंद होती: आईला सोबत आलेल्या परिचितांमार्फत सांगितलं, उपचाराची गरज नाही, थांबण्याचा सल्ला दिला, समजल्याचं त्यांनी सांगितलं. त्याखाली, महिनाभरानं: पालकांची ऑपरेशनची इच्छा.

ईशाननं आईला फोन केला. तुला सांगितलं होतं, तरी केलंस? सुजाता म्हणाली, असं कुणीच सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, लिहिलेलं आहे. ती म्हणाली, देवाशपथ नाही सांगितलं. मग त्यानं मला फोन केला. "काका, तुम्ही होतात ना तिथे? डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

इथे तरी? इथे मी बत्तीस वर्षांचा नव्हतो. चोपन्नचा होतो. त्याच्या गटाच्या पत्रकावर माझं नाव होतं.

मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट रे. नाही आठवत."

तो आईशी बोलायचा बंद झाला. सात महिने. दिवाळीला आला नाही. सुजाता जिन्यात भेटली की थांबायची. आधी म्हणायची, "दादा, तुम्हाला तरी आठवतंय का?" मग म्हणायला लागली, "मीच विसरले असेन. मला सांगितलं असेल आणि माझ्या डोक्यात शिरलं नसेल. तेव्हा मला झोपच कुठे मिळायची." माझ्या डोळ्यांदेखत ती स्वतःवरच संशय घ्यायला लागली आणि मी हातातल्या पिशव्या सावरत "होतं असं" म्हणायचो. ऐकलंत ना? "होतं असं."

गेल्या महिन्यात मी रजा टाकली आणि गार्चिंगला गेलो. मोठं कारण काही घडलं नव्हतं. सकाळी दाढी करताना ठरलं, तिकीट काढलं. अनघाला — माझ्या बायकोला — निघताना सगळं सांगून टाकलं, चपला घालता घालता. ती म्हणाली, "आधी जाऊन ये. आपलं मागाहून बघू."

ईशान कॅन्टीनबाहेरच्या बाकावर भेटला. मी मराठीत बोललो, सलग. डॉक्टर काय म्हणाल्या, मी काय सांगितलं, आईनं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. तो म्हणाला, "तुमचं जर्मन तेव्हा कच्चं असेल, काका." त्यानं मला वाट काढून दिली होती. चांगला मुलगा आहे. मला फक्त मान हलवायची होती.

म्हणालो, "नाही. मला सगळं कळलं होतं." आणि का गाळलं ते सांगितलं. मी कसा जन्मलो तेही.

 त्यानं विचारलं, "आणि तुम्हाला? कधी काही त्रास?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

तो उठला. पाठीवर सॅक टाकली, दहा पावलं गेला, आणि तिथेच उभं राहून त्यानं फोन लावला. "आई," एवढं मला ऐकू आलं. मी यू-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनकडे चालू लागलो.

पुढच्या शनिवारी तो हॅम्बर्गला आला, आईकडे. वरच्या मजल्यावर तिघांचे आवाज येत होते. आमच्या दारावरून तो गेला, थांबला नाही. विनायक ऑफिसात माझ्याशी कामापुरतं बोलतो. पत्रक अजून वाटतात. माझं नाव काढून टाकलंय, मजकूर तोच आहे.

सुजातानं एकदाच फोन केला. दादा म्हणाली नाही.

"म्हणजे मी विसरले नव्हते," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"नाही सांगितलं," मी म्हणालो. "मी सांगितलं नाही."

तिनं फोन ठेवला.