हयातबाई आणि नदीपलीकडच्या बायका

कर्करोग रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून, नोंदणीची एक खोली होती. हयातबाईंनी त्या खोलीत एकोणतीस वर्षं नोकरी केली. काम सांगायला सोपं होतं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेली बाई उपचार घेऊन घरी गेली की पाच वर्षांनी तिचा तपास काढायचा आणि तिच्या कार्डावर दोनांतला एक शब्द लिहायचा, 'हयात' किंवा 'मृत'. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. त्यांच्या सासूबाई तर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून पगारी चौकशी करते. लोकांच्या दारात जाऊन विचारते, आहात की गेलात?"

सुरुवातीला त्यांनी खरंच तसं विचारलं होतं. एका दारात उभं राहून म्हणाल्या, "या घरातल्या बाई हयात आहेत का?" दार उघडणारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मीच ती. का, काही शंका आहे?" हयातबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हापासून त्या एवढंच म्हणायच्या, "दवाखान्यातून आलेय, खुशाली विचारायला." पुढचं घरातली माणसंच सांगायची.

रुग्णालयात दोन मुलखांतल्या बायका यायच्या. एक नदीच्या अलीकडचा मुलूख, म्हणजे शहर आणि आजूबाजूची गावं. दुसरा पलीकडचा, खडकाळ पठाराचा, जिथून यायला दोन गाड्या बदलून पाच तास लागत. पलीकडचा तपास पूर्वी एक जुने कारकून करायचे. ते खुर्चीत बसून फोन लावायचे आणि कुणी उचलला नाही की कार्डावर 'पत्ता लागला नाही' असं लिहून मोकळे व्हायचे. ती कार्डं हिशेबातच धरली जात नसत. त्यामुळे वर्षानुवर्षं अहवालात दोन्ही मुलूख जवळजवळ सारखे दिसायचे.

कारकून निवृत्त झाले आणि त्यांचा गठ्ठा हयातबाईंकडे आला. उंटावरून शेळ्या हाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पलीकडे त्यांची नणंद राहायची. महिन्यातले तीन दिवस तिच्याकडे मुक्काम टाकायचा आणि पायाला भिंगरी लावल्यासारखं वस्तीवस्तीवर फिरायचं, असं त्यांनी सुरू केलं. पत्ते लागले. बहुतेक ठिकाणी बाई गेलेली होती.

दोन वर्षांनी नवा अहवाल झाला. अलीकडे शंभरातल्या अडुसष्ट बायका पाच वर्षांनंतर जिवंत होत्या, पलीकडे एक्केचाळीस. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, तुम्ही तिकडे जायला लागल्यापासून आपले आकडे बिघडले."

"मी काही बिघडवलं नाही सर. त्या आधीच गेल्या होत्या."

"तसं नव्हतं म्हणायचं मला," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "तिकडच्या बायका फार उशिरा येतात. आजार पसरल्यावर. त्याला आपण काय करणार?"

हे खोटं नव्हतं. पण हयातबाईंच्या मनाला ते पुरतं पटेना. वेळेवर आलेल्या बायकाही तिकडे जास्त गेल्या होत्या, हे त्यांनी कार्डांवर पाहिलं होतं. कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

ते कळलं एका सुताराच्या घरी. सुतार अंगणात खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होता. हयातबाईंनी खुशाली विचारताच त्याने रंधा बाजूला ठेवला. "तिला जाऊन तीन वर्षं झाली," म्हणाला आणि आत जाऊन एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. रुग्णालयाचा कागदन् कागद त्याने जपून ठेवला होता.

"पाच आठवडे राहिलो हो आम्ही तिथे," तो म्हणाला. "रोजचा शेक, एक दिवस चुकवला नाही. शेवटच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, झालं, संपलं, आता घरी जा, आठवड्याने या. अंगावरून जाणारं रक्तही थांबलं होतं. मस्तपैकी घरी आलो."

"आणि आठवड्याने?"

"आठवड्याने कशाला? संपलं म्हणाल्या ना. नुसतं दाखवायला कोण दोन गाड्या बदलून जातं?"

रेडिएशनला बायका शेक म्हणत. तो आधी यंत्राने बाहेरून द्यायचा आणि मग गर्भाशयाच्या तोंडाशी नळी ठेवून, तीन-चार वेळा, आतून. आतला शेक घेतल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, हे रुग्णालयातल्या झाडूवालीलाही माहीत होतं. सुताराच्या हातातल्या चिठ्ठीवर डॉक्टरी अक्षरात लिहिलं होतं, 'आ. शे. ३, आठवड्याने', म्हणजे आतला शेक, तीन वेळा.

सुताराने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बाई, काही राहिलं होतं का?"

नाही म्हणून उठून जाणं सोपं होतं. पण माणूस सरळ विचारत होता. "हो, राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आतून द्यायचा शेक राहिला होता. ते तुम्हाला समजेल असं कुणी सांगितलं नाही. यात तुमची चूक नाही."

सुताराने चौकटीवरून तळवा फिरवला. मग म्हणाला, "ती म्हणत होती, एकदा जाऊन येऊ. मीच नको म्हटलं."

आपली दुपारची गाडी चुकली तरी चालेल असं ठरवून हयातबाई तिथेच बसून राहिल्या. तो बायकोबद्दल सांगत होता. ती पट्टी न लावता नुसत्या नजरेने लाकडाचं माप सांगायची आणि ते बरोबर निघायचं.

परत आल्यावर त्यांनी कार्डांसोबत वॉर्डाच्या फायली काढल्या. आजाराच्या सारख्याच टप्प्यावर आलेल्या बायका घेतल्या. अलीकडच्या चाळीसपैकी छत्तीस जणींनी आतला शेक घेतला होता. पलीकडच्या अडतीसपैकी फक्त पंधरा जणींनी. 'संपलं' हा शब्द अलीकडच्या बायकाही ऐकत होत्याच. पण त्यांच्यातली कुणी बाजारात सिस्टरला भेटायची आणि सिस्टर दटावायची, "अहो, आला नाहीत का अजून?" पलीकडे दटावायला कोण होतं?

मोठ्या डॉक्टरांनी त्यांचा हा हिशेब दोनदा वाचला आणि वॉर्डाच्या सिस्टरला बोलावून घेतलं. सिस्टरचा पारा चढला. "म्हणजे माझ्या एका शब्दाने बायका मेल्या, असं म्हणायचंय तुम्हाला? एकटी साठ खाटा बघते मी!"

"तुमच्यावर खापर नाही फोडत," हयातबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता बाहेरचा शेक संपला. पाच आठवडे थकलेल्या माणसाला ऐकू येतं, सगळं संपलं. मलाही तसंच ऐकू आलं असतं."

सिस्टर पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी स्वतःच नोंदणीच्या खोलीत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "त्यांना घरी पाठवायचंच कशाला? बाहेरचा चालू असतानाच शेवटच्या दोन आठवड्यांत आतला सुरू केला तर? पलीकडच्यांसाठी मी खिडकीकडच्या सहा खाटा अडवून ठेवते. सरांना तुम्ही सांगा, माझं ते ऐकत नाहीत." डॉक्टरांनी ऐकलं. आणि पाचव्या आठवड्यात सिस्टर प्रत्येकीला, शिवाय तिच्या नवऱ्याला बोलावून, बजावू लागली, "अजून संपलेलं नाही. मी सांगेन तेव्हा संपेल."

याचं फळ दिसायला पाच वर्षं थांबावं लागणार होतं, कारण हयातबाईंचं कामच पाच वर्षांनी सुरू व्हायचं. तोवर सासूबाई गेल्या, मुलगी नोकरीला लागली, गुडघे कुरकुरू लागले. मग पलीकडचा आकडा आला, शंभरात छप्पन्न. अलीकडे अडुसष्टच होता.

"अलीकडच्यापेक्षा अजून बारा कमीच," डॉक्टर म्हणाले.

"त्या उशिरा येणाऱ्या," हयातबाई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी तपासणी तिकडेच हवी." त्या वर्षाअखेरीस पलीकडच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तपासणीचं टेबल लागलं. पहिल्या दिवशी तीन बायका आल्या, त्यातली एक हयातबाईंची नणंद, तीही ओढून आणलेली.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या फेरीत त्या पठारावरच्या एका घरी गेल्या. कार्डावरची बाई शेजारणीशी सांडपाण्यावरून भांडत होती. भांडण चांगलं रंगात आलं होतं. हयातबाईंनी खुशाली विचारायला आल्याचं सांगितलं तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "बसा जरा ओट्यावर. हिचं उरकते आणि चहा टाकते."

हयातबाई ओट्यावर बसल्या. त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि त्यावर 'हयात' लिहिलं. भांडण काही लवकर आटपायची चिन्हं नव्हती, आणि गाडीला अजून तास होता.