पाहुण्यांचं बाथरूम

मलकापुरातल्या आमच्या शेजारीण नूरजहां चाचींनी पाहुण्यांसाठी चकचकीत बाथरूम बांधलं आणि घरच्यांनी घाण करू नये म्हणून त्याला कुलूप ठोकलं. ईदला पाहुण्यांसाठी उघडलं, तर आत गटाराचा वास! प्लंबर निजामनं जाळी उचलून बघितलं.

"चाची, खालच्या वाकड्या पाइपात पाणी साचून ऱ्हातं, तेच वास अडवतंय. तुमी वापरलंच न्हाई, ते वाळलं. आता हितं रोज कुणीतरी आंघोळ कराय पायजे."

घरच्यांना आत सोडायला चाचींचं मन धजेना. मग निजामच रोज येतो, पाहुण्यांच्या साबणानं आंघोळ करतो, वर चहा मागतो. खरं तर अधूनमधून तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरतं, लबाडानं मलाच सांगितलं. चाचींना मी कशाला सांगू? उन्हाळ्यात दोन आंघोळी लागतात, असं तो त्यांना म्हणालाय. दुसरी माझी असते.