कौशल्याबाईंचा परवाना

पडदा वर जातो. गाझियाबादमधल्या आमच्या सोसायटीचा तळघरातला हॉल. ट्यूबलाइट चार, त्यातली एक फडफडणारी. मधोमध चौरंग, त्यावर लाल कापड, भोवती झेंडूच्या माळा. खंडेनवमीचा दिवस. मराठी मंडळातले लोक आपापली हत्यारं पूजेला घेऊन आले आहेत : तीन लॅपटॉप, एक स्टेथोस्कोप, शिवणाची कात्री, विळी, कुणाचा तरी मिक्सर. आणि चौरंगाच्या बरोबर मध्ये माझी तलवार. ती पत्र्याची आहे, मूठ लाकडाची. पण तिला हातात धरून मी एकोणतीस वर्षं गावोगावच्या रंगमंचांवर राण्यांच्या भूमिका केल्या. सुनेबरोबर इथे राहायला आले तेव्हापासून, सलग सहा वर्षं, पहिलं हळदकुंकू तिलाच लागत होतं.

डाव्या विंगेतून कौशल्या म्हेत्रे येतात. वय बासष्ट, सुती साडी, हातात पडद्याच्या कापडाची शिवलेली पिशवी. पिशवीतून त्या एक रुमाल काढतात, रुमालातून बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. ते उघडून, रिकामं असल्याचं पुजाऱ्यांना दाखवतात आणि शेजारी परवान्याचं पुस्तक ठेवतात. हॉलमध्ये अशी शांतता पसरते की तशी शांतता मला आयुष्यात फार तर चार-पाच वेळा मिळाली असेल, तीही मोठे संवाद घशाच्या शिरा ताणून म्हटल्यावर. या बाईंनी एक शब्दही उच्चारला नव्हता.

"ताई, जरा सरकवतो हं," आमचा सेक्रेटरी हेरंब म्हणाला. "रिअल वेपन आहे ना, सेंटरला चांगलं दिसेल."

माझी तलवार मिक्सरशेजारी गेली.

कौशल्याबाई मूळच्या सोलापूरच्या. यजमान दीनानाथ पानिपतच्या एका कारखान्यात ब्लँकेटं रंगवण्याच्या खात्यात मुख्य कारागीर होते. निवृत्त झाल्यावर दोघांनी आमच्या सोसायटीमागच्या गल्लीत बैठं घर घेतलं. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी तीन माणसं 'मीटर चेक करना है' म्हणत आत शिरली. त्यांनी दीनानाथांना खुर्चीला बांधलं, त्यांचा हात मोडला, कौशल्याबाईंना मोरीत कोंडलं. शेजाऱ्यांनी फोन केला. पोलीस आले तेव्हा चहाची वेळ झाली होती. दीनानाथ त्यानंतर दोन वर्षं जगले, पण दार उघडं ठेवून कधी बसले नाहीत.

परवान्याचा अर्ज बाईंनीच केला. ठाण्यातला मुन्शी हसला होता, "अम्मा, आप बंदूक का क्या करोगी?" त्या म्हणाल्या, "ताले में रखूँगी." चौकशा झाल्या, शेजाऱ्यांचे जबाब झाले, बंदूक चालवायचं प्रशिक्षण झालं. परवाना हातात पडेपर्यंत दीनानाथ गेलेले होते. दर निवडणुकीला हुकूम निघाला की त्या पिशवी घेऊन ई-रिक्षाने ठाण्यात जातात, शस्त्र जमा करतात, पावती घेतात, आणि निकाल लागल्यावर परत आणतात. एरवी ते पोलादी कपाटात. किल्ली गळ्यात. प्रशिक्षणाचा दिवस सोडला तर त्यांनी ते कधी चालवलेलं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. मला त्यांच्याविषयी आदर वाटायला हवा होता. वाटायचाही, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी उकळत असायचं. मंडळात मी रियाज केलेला आवाज लावून एखादा प्रसंग सांगायचे आणि लोक मोबाइल बघायचे. त्या "भाजी आज महाग होती" म्हणाल्या तरी पोरं कान देऊन ऐकायची. मी आयुष्यभर शूर असल्याचं सोंग केलं, आणि ही बाई सोंग न करता माझी जागा घेऊन बसली होती.

त्या दिवशी आरती झाल्यावर सगळ्यांनी रिव्हॉल्व्हरबरोबर फोटो काढले. मी नुसत्या चौरंगाचा एक काढला. घरी येऊन तो सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. तिथे चारशे माणसं, बहुतेक हिंदी बोलणारी. फोटोखाली माझ्या एका जुन्या भूमिकेतला संवाद हिंदी करून लिहिला : 'सावधान. हमारी कौशल्या की चौखट की ओर आँख उठानेवाला अपने पैरों पर वापस नहीं जाएगा.' मनाला सांगितलं, कौतुक करते आहे. पण लिहिताना माझे दात घट्ट आवळलेले होते, ते मला ठाऊक आहे.

त्या चारशेंपैकी कुणीतरी तो फोटो पोलिसांकडे पाठवला. आमच्यासाठी ती पूजा होती. इथल्या कायद्याच्या नजरेत ते शस्त्राचं जाहीर प्रदर्शन आणि वर धमकी. दिवाळीच्या आधी कौशल्याबाईंना नोटीस आली : परवाना रद्द का करू नये, हजर राहून सांगा.

मंडळाची बैठक भरली. हेरंबने सुरुवातीलाच हात झटकले.

"हे बघा, मंडळाचं नाव कुठेही यायला नको. मला विचाराल तर घरात गन ठेवणंच चुकीचं आहे. प्रोटेक्शन पोलिसांचं काम. उद्या प्रत्येक जण म्हणेल मलाही पाहिजे."

"आणि सेंटरला कुणी ठेवली, दादा?" अक्षता म्हणाली. ही जालन्याची मुलगी, स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत राहते, रविवारी मंडळात जेवायला येते. "सरकारने तपासून दिलेली, नंबर नोंदवलेली बंदूक आहे ती. म्हणून तर नोटीस आली. गल्लीत ज्याच्याकडे गावठी कट्टा आहे त्याला कोण नोटीस पाठवणार? त्याचं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये आहे?"

"म्हणून सगळ्यांनी घ्यायची का? यार, इथे लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडतात. सगळ्या परवान्याच्याच असतात. वरून पडणारी गोळी परवाना दाखवते का?"

"मग वरातवाल्यांचा रद्द करा. मावशींनी कुणाच्या वरातीत झाडली?"

"प्रश्न मावशींचा नाहीये, प्रिन्सिपलचा आहे."

"नोटीस तर मावशींच्याच नावाची आहे."

बराच वेळ हे चाललं. शेवटी कुणीतरी म्हणालं, कौशल्याबाईंनाच विचारू. त्या चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी घ्यावी असं मला वाटत नाही. हेरंब, तू तर बिल्कुल घेऊ नकोस. तू पार्किंगवरून भांडतोस."

हॉल हसला. हेरंबही हसला. मला मात्र पुन्हा पोटात दुखलं. तो विराम, ते वाक्य, तो नेमका क्षण. आमच्या दिग्दर्शकांनी त्यासाठी मला महिनाभर घोटून घेतलं असतं.

बैठक उठल्यावर त्या माझ्याकडे आल्या. ग्रुपवर त्या फोटोशी माझा नंबर होता, सगळ्यांनी पाहिला होता. त्यांनी त्याचं नाव काढलं नाही.

"गिरिजाताई, साहेबापुढे कसं बोलायचं ते मला शिकवाल? तुम्हाला सवय आहे."

मी दोन पानी हिंदी भाषण लिहिलं. त्यात अबला होती, सबला होती, आत्मरक्षेचा अधिकार होता. पाच दुपारी त्यांच्या घरी तालीम केली. बाईंना एक ओळ पाठ होईना. "अधिकार के आगे काय होतं हो?" म्हणून विचारायच्या आणि मला लाडू द्यायच्या. तालमीत एकदा मी म्हटलं, "साहेब विचारतील, कधी चालवलं नाही तर हवं कशाला?" त्या म्हणाल्या, "झोप लागते म्हणून. किल्ली गळ्याला टोचली की कळतं, आहे. मग डोळा लागतो." मी म्हटलं, हे भाषणात चालणार नाही, फार साधं आहे.

सुनावणीच्या दिवशी मी बरोबर गेले. छोटी खोली, चष्मेवाले अधिकारी, कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. साहेबांनी फोटो पुढे केला.

"यह हथियार आपका है? इस तरह सजाकर क्यों रखा?"

कौशल्याबाई भाषण विसरल्या. "पूजा थी, साहब. हम लोग नवमी को औज़ार पूजते हैं. कैंची भी थी. मिक्सर भी था."

"मिक्सर?"

"चटनी का."

साहेबांनी फोटो पुन्हा निरखला. मिक्सर होता. शेजारी माझी तलवारही होती, पण तिच्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.

"पूजा मान ली. यह नीचे जो लिखा है, यह धमकी किसे दी आपने?"

कौशल्याबाईंनी मान खाली घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या. एक नाव घेतलं असतं तर सुटल्या असत्या, आणि त्या घेत नव्हत्या. मोठं मन दाखवण्याचे प्रसंग मी रंगमंचावर पुष्कळ केले आहेत. असं टेबलाच्या कडेवर बोट फिरवत केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचाही मला हेवा वाटला, आणि त्या हेव्यानेच मी उठून उभी राहिले.

"मैंने लिखा, साहब. इनको पता भी नहीं था."

"क्यों लिखा?"

मला लांबलचक उत्तर सुचत होतं. ते मी गिळलं. "जलन थी."

"किस बात की जलन?"

"लोग इनकी सुनते हैं."

कारकुनाची बोटं थांबली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि माझा जबाब लिहून घ्यायला सांगितलं. तासाभराने निर्णय आला. परवाना रद्द नाही. लेखी ताकीद. शस्त्र तीन महिने ठाण्यात जमा राहील. त्या काळात चौकशी पूर्ण होईल, मग परत मिळेल.

तिथून घरी जाऊन, शस्त्र घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. त्यांनी रुमाल उलगडला, शिपायाने नंबर पडताळला, पावती फाडली. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर झेरॉक्सच्या टपरीपाशी त्यांनी पावतीच्या दोन प्रती काढल्या, पिशवीची घडी घातली आणि नकळत हात गळ्याशी नेला. किल्ली होती, तिच्यामागे आता काही नव्हतं. निवडणुकीत आठवडे मोजता येतात, आणि तेव्हा त्या भाचीकडे राहायला जातात. या वेळी भाची तिच्या मुलाकडे पुण्याला गेली होती. तीन महिने त्या गल्लीतल्या बैठ्या घरात त्यांना एकटीने काढायचे होते, आणि ते माझ्यामुळे.

"कौशल्याबाई," मी म्हटलं, "ते मी मुद्दाम लिहिलं होतं."

"माहीत होतं मला. दात आवळून लिहिल्यासारखंच होतं ते."

"मग मला का विचारलंत शिकवायला?"

"तुम्हाला वाईट वाटत होतं ना. काहीतरी काम द्यायला हवं होतं."

ई-रिक्षा येऊन थांबली. मी त्यांच्या आधी आत चढले आणि म्हटलं, "तुमचं शस्त्र येईपर्यंत मी तुमच्याकडे झोपायला येते. माझ्या हातून कुणाचं काही वाकडं होणार नाही, पण ओरडेन अशी की चार गल्ल्या जाग्या होतील."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या. पण भाषणं करायची नाहीत. मला झोपायचंय."