अडतीसशे एकसष्ट टाइप

दर्शना कोचरेकर जन्मापासून आंधळी. नाव दर्शना. यावर विनोद करणारा माणूस दर वर्षी एक तरी भेटतो आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं असं समजतो. ती गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत राहते, वय सत्तेचाळीस, आणि अंध मुलांच्या एका शाळेत गणित शिकवते.

तिचं स्वतःचं गणित टेलर फ्रेमवर झालं. एकोणिसाव्या शतकात टेलर नावाच्या एका इंग्रजाने काढलेली ही पाटी. पाटीला चांदणीच्या आकाराची भोकं असतात आणि भोकात शिशाचा बोटाच्या पेरापेक्षा लहान चौकोनी तुकडा बसवायचा. त्याला टाइप म्हणतात. टाइपच्या एका टोकाला कडेवर उंचवटा असतो. तो कुठल्या दिशेला आहे यावरून एक ते आठ आकडे ठरतात. नऊ आणि शून्यासाठी टाइप उलटा करायचा, त्या टोकाला दोन उंच ठिपके असतात. बोट फिरवलं की आकडा कळतो.

दर्शनाचे वडील राजाराम गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते एका इमारतीत लिफ्ट चालवायला लागले. मुलीला शाळेत पाटी मिळाली तेव्हा त्यांनी आठही दिशा पाठ केल्या आणि रोज जेवणाआधी डोळे मिटून तिची बेरीज तपासली. "गो, हातचो इसारलंस," एवढंच म्हणायचे. कुठे विसरली ते सांगायचे नाहीत. ती शोधत बसायची आणि भात गार व्हायचा.

गेल्या जानेवारीत शाळेला बोलणारे कॅल्क्युलेटर देणगीत मिळाले. ते ठेवायला जागा हवी म्हणून मुख्याध्यापिका अनुपमाबाईंनी शिपाई नंदकुमारला दोन कपाटं रिकामी करायला सांगितली. नंदकुमारने केली.

गुरुवारी दर्शना कपाटापाशी गेली, तर आत पुठ्ठ्याचे नवे खोके.

"नंदू, टाइपचे डबे कुठे गेले?"

"ते शिसं? भंगारात दिलं बाई. पाट्यापण दिल्या. वाकोल्याला, हर्षदकडे."

"कधी?"

"सोमवारी. भाव चांगला मिळाला."

"चल माझ्याबरोबर."

"आत्ता?"

"मग काय, भाव उतरल्यावर?"

रिक्षात सांताक्रूझ आल्यावर नंदकुमार म्हणाला, "मला वाटलं, मशीन आलं म्हणजे हे संपलं." दर्शनालाही दोन-तीनदा तसं वाटलं होतं.

हर्षदने अठराच्या अठरा पाट्या लगेच काढून दिल्या. एकीवर तो चहाचे ग्लास ठेवत होता. सांडलेला चहा भोकांतून खाली जायचा, सोय चांगली होती.

"टाइपचं काय?" दर्शनाने विचारलं.

"ते शिशाच्या पोत्यात गेलं ना मॅडम. बॅटरीच्या प्लेटा, नळाचे तुकडे, सगळं मिक्स. शनिवारी भट्टीवाल्याची गाडी येते."

"मग दोन दिवस आहेत. पोतं ओत."

त्याने ताडपत्री अंथरून पोतं ओतलं. दर्शनाने हातात रबरी मोजे घालायचं नाकारलं, कारण मोज्यातून काही कळत नाही. ती उलट्या क्रेटवर बसली आणि एकेक टाइप बाजूला काढायला लागली. हर्षद आणि नंदकुमार यांनी डोळ्यांनी बघून मदत केली. त्यांच्या ढिगात बरेच स्क्रू निघाले, म्हणून तिने त्यांना थांबवलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती परत आली आणि संध्याकाळपर्यंत ढीग संपवला. आता मोजायचे होते. शाळेच्या नोंदवहीत चार हजार होते.

"इलेक्ट्रिक काट्यावर टाकतो," हर्षद म्हणाला.

"तो मला दिसणार आहे का? साधा तराजू नाही?"

होता. दुकानाच्या मागे खिळ्याला टांगलेला, त्यावर छत्र्या. दर्शनाने शंभर टाइप हाताने मोजून एका पारड्यात ठेवले, दुसऱ्यात मुठीने टाइप टाकत गेली आणि मधल्या काट्यावर बोट ठेवून तो सरळ उभा राहिला की थांबली. असा तोललेला पहिला शेकडा तिने हाताने मोजून पाहिला, तर एकशे एक निघाले. काही टाइप तीस-चाळीस वर्षांच्या वापराने झिजले होते. तेवढा फरक चालेल, असं तिने ठरवलं.

"वजन करताय का मोजताय?" हर्षदने विचारलं.

"मोजतेय. दगडाऐवजी टाइप ठेवलेत."

हाताने मोजलेले शंभर धरून अडतीस शेकडे झाले, वर एकसष्ट.

"एकशे एकोणचाळीस कमी आहेत."

"एवढं कोण बघतं मॅडम?"

"मी."

हर्षदने ताडपत्री पुन्हा झटकली. दोन निघाले. ते तिने खिशात टाकले; काट्याची चूक त्याहून मोठी होती, म्हणून बेरीज बदलली नाही. शाळेला जेवढे दिले होते तेवढेच पैसे त्याने तिच्याकडून परत घेतले आणि डबे रिक्षात चढवून दिले.

सोमवारी अनुपमाबाई म्हणाल्या, "दर्शना, शिसं विषारी असतं. मुलांच्या हातात कसं द्यायचं?"

"तास संपला की साबणाने हात. तोवर तोंडात बोट नाही. आणि प्लास्टिकचे टाइप मिळतात, ते मागवा. आले की हे मी स्वतः हर्षदला देऊन येईन."

"कॅल्क्युलेटर आहेत ना पण."

"आहेत. चांगले आहेत. उत्तर सांगतात."

अनुपमाबाईंनी प्लास्टिकच्या टाइपच्या अर्जावर सही केली. कपाट मिळालं नाही. डबे दर्शनाच्या टेबलाखाली राहिले आणि नंदकुमारच्या पायाचा अंगठा त्यांना दोनदा आपटला.

मुलांना पाटी फार आवडली असं नाही. आठवीतली प्रांजल म्हणाली, "बाई, हे किती स्लो आहे यार." तिने चार आकडी भागाकाराला पूर्ण तास घेतला आणि उत्तर चुकलं.

"कुठे चुकलं?" दर्शनाने विचारलं.

"माहीत नाही."

"आकडे अजून जागेवर आहेत. बघ."

प्रांजलने वरच्या ओळीपासून बोट फिरवायला सुरुवात केली. घंटा झाली, बाकीची मुलं हात धुवायला गेली. तिसऱ्या ओळीत ती थांबली.

"सातच्या जागी आठ लावलाय मी!"

"मग?"

"मग खालचं सगळंच गेलं."

"उचल आणि लाव परत."

तिने बावीस टाइप उपसले आणि पुन्हा लावले. पुढचा तास संगीताचा होता. प्रांजल तिथे वीस मिनिटं उशिरा पोचली आणि तिला बोलणी बसली.